‘ए फॉर ॲपल’ येतं, ‘टॅप’ वाचता येत नाही

गेल्या अंकात आम्ही पहिली ते चौथीच्या इंग्रजी वाचन-लेखनाबद्दल प्रश्न मागवले होते. नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. वाचण्याआधी एक खूण लक्षात ठेवा: ‘एस’ असं लिहिलं की ते अक्षराचं नाव, ‘स्’ असं लिहिलं की तो त्या अक्षराचा ध्वनी. इथे सगळं देवनागरीत छापलं असलं तरी फळ्यावर रोमन अक्षरच यायला हवं.

प्रश्न: दिंडोरी तालुक्यात आमची द्विशिक्षकी शाळा आहे. माझ्याकडे पहिली-दुसरी एकत्र, पट 27. मुलं एबीसीडी घडाघडा म्हणतात, ‘ए फॉर ॲपल’पासून ‘झेड फॉर झेब्रा’पर्यंत कुठे अडत नाहीत. पण फळ्यावर टी-ए-पी लिहिलं की एकालाही वाचता येत नाही. कुठे चुकतंय? – एक शिक्षिका

बाई, मुलांना जे शिकवलं ते आलेलंच आहे. ते वाचन नाही, इतकंच. टी, ए, पी ही तीन नावं कितीही भरभर म्हटली तरी ‘टीएपी’च होणार, ‘टॅप’ होणार नाही. मराठीत ही अडचण येत नाही, कारण ‘प’ या अक्षराचं नाव आणि उच्चार एकच. इंग्रजीत एच आणि डब्ल्यू यांच्या नावात तर त्यांचा ध्वनी शोधूनही सापडत नाही. तेव्हा काही महिने नावं बाजूला ठेवा आणि ध्वनी शिकवा. नावं पुसायची नाहीत, फक्त वाचताना वापरायची नाहीत.

ध्वनी शिकवायला लागलं की मराठी वर्गात हमखास होणारी चूक म्हणजे शेपटीचा ‘अ’. आपल्या मूळाक्षरात ‘अ’ मिसळलेलाच असतो, त्यामुळे आपण एसला ‘स’, टीला ‘ट’, पीला ‘प’ म्हणतो. मूल ‘ट-ॲ-प’ जोडायला जातं आणि ‘टअॲपअ’ असं काहीतरी होऊन बसतं. इथे आपला हलन्त कामी येतो: स्, ट्, प्. तपासायची सोपी रीत आहे. दोन बोटं गळ्यावर ठेवून ‘प्’ म्हणा. गळा थरथरला तर मागून ‘अ’ आला. स्, ट्, प्, क्, फ् म्हणताना थरथर नको, कुजबुजीत म्हणायचे. म्, न्, ब्, ड्, ग् यांत ती येणारच. तिथे उच्चार आखूड ठेवायचा. आधी तुम्ही हे घरी पाच-सात वेळा करून बघा, कारण वर्गात तुम्ही जसं म्हणाल तसंच 27 मुलं म्हणणार.

क्रम एबीसीडीचा नको. एस, ए, टी, पी, आय, एन या सहांपासून सुरुवात करा. एवढ्यांत ‘सॅट, सिट, टॅप, टिप, टिन, पिन, पॅन, नॅप, अँट, पँट’ असे वीसहून जास्त शब्द तयार होतात आणि बरेचसे दाखवताही येतात: शाळेचा नळ, तेलाचा डबा, टाचणी, मुंगी. आठवड्याला दोन ध्वनी पुरे. सहांनंतर एम-डी, ओ-जी, सी-के, ई-आर, यू-एच, बी-एफ, एल-जे, मग उरलेले. या क्रमात डी चौथ्या आठवड्यात येतो आणि बी नवव्या, आणि ते मुद्दाम आहे; एकमेकांच्या आरशातली ही दोन अक्षरं एकत्र शिकवली तर पुढे वर्षभर निस्तरत बसावं लागतं. ए आणि ई यांच्यातही तसंच अंतर ठेवलंय, कारण ‘पॅन’ आणि ‘पेन’ यांतला फरक आपल्या मुलांना चटकन ऐकू येत नाही. 26 अक्षरांना 13 आठवडे, शिवाय दर तिसऱ्या आठवड्यानंतर नवं काही नाही, नुसती उजळणी. जूनच्या मध्यात सुरू केलं तर दिवाळीपर्यंत बसतं. क्यू, एक्स, झेड राहिले तर राहू द्या.

स्वरांचा आधी एकेकच ध्वनी द्यायचा: ए म्हणजे ॲ, ई म्हणजे ए, आय म्हणजे इ, ओ म्हणजे ऑ, यू म्हणजे ‘कप’मधला अ. हजेरीपटावर रोमनमध्ये लिहिलेली स्वतःची नावं मुलं बघत असतात. तिथे ए म्हणजे आ आणि यू म्हणजे उ असतो. म्हणून ‘टॅप’चं ‘टाप’ होतं. नावांच्या चिठ्ठ्या काही आठवडे भिंतीवरून काढल्या तरी चालतील.

आता जोडणं. तीन सुटे ध्वनी एकदम जोडण्यापेक्षा आपल्या मुलांना दोन तुकडे सोपे जातात, कारण बाराखडीने त्यांना व्यंजन आणि स्वर एका दमात म्हणायची सवय लावलेली असते. तिचा फायदा घ्या. एका पट्टीवर सॅ, टॅ, पॅ, नॅ, मॅ रोमनमध्ये लिहा आणि ॲची बाराखडी म्हणवून घ्या. मग शेवटचं अक्षर चिकटवा: सॅ–ट्, सॅट. पहिला शब्द असा निवडा ज्याचा पहिला ध्वनी लांबवता येतो: स्, म्, न्, फ्. ‘स्स्सॅॅट’ ताणता येतं, ‘ट्ट्ट्’ ताणता येत नाही, म्हणून ‘टॅप’ दोन दिवसांनी. आणि शब्दाखाली बोट सरकवायला लावाच. पहिली वेलांटी आपण व्यंजनाच्या आधी लिहितो आणि नंतर उच्चारतो. इंग्रजीत डोळा मागे जात नाही, सरळ डावीकडून उजवीकडे जातो.

40 मिनिटांच्या तासाची वाटणी अशी ठेवा. पहिली 5 मिनिटं जुन्या अक्षरपत्त्यांची, मग 5 मिनिटं नुसतं कानाने: तुम्ही ‘प्-इ-न्’ म्हणायचं, मुलांनी ‘पिन’ ओळखायचं, फळा नाही, वही नाही. इथपर्यंत दोन्ही इयत्ता एकत्र. पुढची 8 मिनिटं पहिलीला नवा ध्वनी. दुसरी तेवढ्यात जोडीजोडीने शब्दपत्ते वाचेल. मग 10 मिनिटं पहिलीचं शब्दवाचन तुमच्यासमोर, 7 मिनिटं सगळ्यांचं पाटीवर लेखन आणि शेवटची 5 मिनिटं गाणं किंवा तुम्ही वाचून दाखवलेली गोष्ट. वेळ कमी पडला तर नवा ध्वनी उद्यावर टाका, कानाची पाच मिनिटं मात्र कापू नका. आधी कापली जातात ती नेहमी तीच, आणि मग मुलं अक्षरं ओळखतात पण जोडत नाहीत.

प्रश्न: सिडकोत राहते. मुलगा दुसरीत, सेमी-इंग्रजी. पुस्तकातल्या प्रत्येक इंग्रजी शब्दावर मी पेन्सिलने मराठीत उच्चार लिहून देते, गाईडमध्येही तसंच असतं. मग तो छान वाचतो. शाळेतल्या बाई लिहू नका म्हणतात. काय बिघडतं? – एक आई

ताई, तो छान वाचतोय ते मराठी. ओळखीची लिपी वर दिसत असेल तर डोळा खालच्या अनोळखी लिपीकडे जाणारच नाही, तो आळस नव्हे. खात्री करायची असेल तर कालच्याच ओळीवर कागदाची पट्टी ठेवून फक्त इंग्रजी उघडं ठेवा.

दुसरी गोष्ट, देवनागरीत सगळं मावत नाही. पश्चिम दिशेचा शब्द आणि बनियनचा शब्द, एकाची सुरुवात डब्ल्यूने, दुसऱ्याची व्हीने. दोन्ही तुम्ही ‘वेस्ट’च लिहिणार. पुढे स्पेलिंग लिहिताना मुलाकडे निवड करायला काहीच उरत नाही.

त्याऐवजी शब्दाखाली खुणा करा. एका ध्वनीला एक टिंब, दोन अक्षरं मिळून एक ध्वनी होत असेल तिथे एक आडवी रेघ. ‘पिन’खाली तीन टिंबं, ‘शिप’खाली आधी एस-एच मिळून एक रेघ, मग दोन टिंबं. मराठी लिहायचंच असेल तर अर्थ लिहा, तोही पानाच्या तळाशी. तुम्हाला स्वतःला उच्चाराची शंका येत असेल तर बाईंकडून आठवड्याच्या शब्दांची चिठ्ठी घ्या आणि ती तुमच्याजवळ ठेवा, पुस्तकात नको. रोज 10 मिनिटं पुरतात. अडला की लगेच शब्द सांगू नका. मनात पाच आकडे मोजा, मग पहिला ध्वनी द्या, तरीही नाही जमलं तर शब्द सांगून पुढे जा.

प्रश्न: सातपूरच्या शाळेत तिसरीला शिकवतो. रोज दहा स्पेलिंग पाठ करायला देतो, ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ अशी. दुसऱ्या दिवशी मुलं लिहितात, पंधरा दिवसांनी कोरी. – एक शिक्षक

सर, पाठ केलेल्या अक्षरांची माळ कुठे अडकवायला खुंटी नसली की गळून पडते. खुंटी म्हणजे ध्वनी. दहाऐवजी रोज चार शब्द घ्या आणि असं करा: वहीत ओळीने तीन-चार चौकोन आखा. शब्द म्हणा, अर्थ सांगा, मुलांनी तो बोटांवर सुटा करायचा. जेवढे ध्वनी तेवढे चिंचोके चौकोनांत. मग एकेक चिंचोका उचलून त्याजागी अक्षर लिहायचं. ‘शिप’ला चार अक्षरं पण तीनच चौकोन, हे मुलांना एकदा हाताने कळलं की एस-एच, सी-एच, टी-एच यांची भीती जाते.

शुक्रवारी सहा शब्दांचं श्रुतलेखन घ्या. त्यांतले चार शब्द त्या आठवड्यात न दिलेले, पण शिकवलेल्या ध्वनींचेच हवेत. पाठांतर आणि वाचन यांतला फरक तिथे उघडा पडतो. गुण देण्यापेक्षा चुका वाचा. ‘कप’चं सी-पी आणि ‘सन’चं एस-एन लिहिलं असेल तर तो निष्काळजीपणा नाही. मराठीत ‘अ’ला वेगळं चिन्ह लागत नाही, व्यंजनातच तो असतो, मुलाने तोच नियम इंग्रजीला लावला. त्याला यूचा चौकोन रिकामा दाखवा. ‘बॅट’च्या जागी बी-ई-टी आलं तर दोष कानाचा, तिथे आणखी लिहून उपयोग नाही, दोन डब्यांत ‘ॲ’ आणि ‘ए’च्या चित्रांची निवड करायचा खेळ आठवडाभर खेळा. ‘शिप’चं एस-आय-पी म्हणजे जोडाक्षर-ध्वनी राहिला. शब्द पाच-पाचदा लिहून काढायची शिक्षा या तिन्हींना एकच औषध देते आणि एकालाही लागू पडत नाही.

राहता राहिले ते आडमुठे शब्द: ‘द, वॉज, सेड, यू, टू’. अमेरिकेतल्या एडवर्ड डॉल्च यांनी 1936 मध्ये मुलांच्या पुस्तकांत वारंवार येणाऱ्या 220 शब्दांची यादी केली होती. ती यादी अजून फिरते आणि काही शाळांत ती सरसकट पाठ करून घेतात. तसं करू नका. तिच्यातले ‘इन, इट, कॅन, गेट, रन’ असे कितीतरी शब्द ध्वनींनी सरळ वाचता येतात. खरे आडमुठे आठवड्याला दोनच घ्या, आणि त्यांतही पूर्ण शब्द आडमुठा नसतो. ‘सेड’मध्ये एस आणि डी शहाण्यासारखे वागतात, मधले ए-आय तेवढे बिघडलेले. त्या दोनच अक्षरांभोवती लाल गोल करा.

प्रश्न: निफाड तालुक्यातली शाळा. द्राक्षांच्या काढणीला जानेवारीपासून सुरगाणा, पेठकडून मजूर येतात, त्यांची काही मुलं आमच्याकडे दोन-तीन महिने बसतात. वर्ग पुस्तकाच्या शेवटाकडे आणि ही मुलं एबीसीडीवर. काय शिकवावं? – एक मुख्याध्यापिका

पुस्तकाचं पान विसरा, मूल कुठल्या पायरीवर आहे ते आधी बघा. एकेकाला पाच मिनिटं लागतात. पहिलं, ‘मॅन’च्या सुरुवातीला काय ऐकू येतं ते तोंडी विचारा. दुसरं, बारा अक्षरपत्ते दाखवून ध्वनी विचारा, नाव सांगितलं तर ‘आणि आवाज?’ म्हणा. तिसरं, दहा तीन-अक्षरी शब्द. चौथं, ‘अ मॅन सॅट इन अ व्हॅन’सारखं एक वाक्य. ज्या पायरीवर पहिल्यांदा निम्म्याहून जास्त चुकलं, तिथून सुरुवात.

तुमच्याच वर्गातल्या मुलांनाही ही चाचणी लावा. पाहुण्या मुलांच्या गटात घरची चार-पाच निघतील, आणि मग तो ‘मजुरांच्या पोरांचा गट’ राहत नाही. रोजची 15 मिनिटं इयत्तेप्रमाणे नव्हे, पायरीप्रमाणे बसवायचं. दहापैकी आठ शब्द सलग दोन दिवस बरोबर आले की पुढचा गट. महिनाअखेरची वाट बघत बसू नका, यांच्याकडे महिनेच किती आहेत.

पाठ्यपुस्तकाचा तास सगळ्यांचा एकत्रच ठेवा, पण त्याचा उपयोग ऐकण्या-बोलण्यासाठी. पाठ तुम्ही वाचायचा, चित्रावर बोट ठेवायचं, अर्थ मराठीतून सांगायचा. ज्याला अजून ‘पिन’ जोडता येत नाही त्याच्याकडून पाठातलं वाक्य वाचून घेतलं तर तो शेजाऱ्याचं ऐकून म्हणेल आणि तुम्हाला वाटेल की वाचलं. शब्दही बागेतले घ्या: ‘बंच, बॉक्स, कट, पॅक, सन, मड’. त्यांपैकी ‘कट, सन, मड’ लगेच वाचता येतात, बाकीचे तोंडी.

निघताना मुलाच्या हातात एक जुडी द्या: शिकलेल्या ध्वनींचे पत्ते, वीस शब्द, पाच वाक्यं, कोपऱ्याला भोक पाडून सुतळीत ओवलेली. शेवटच्या पत्त्याच्या पाठीवर कुठपर्यंत आलं ते तारखेनिशी लिहा. गावाकडच्या गुरुजींना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

प्रश्न: नाशिकरोडला असतो. नात पहिलीत आहे. तिची इंग्रजी अक्षरं चार रेघांच्या वहीत लोंबकळतात आणि बी-डी उलटसुलट होतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं का? – एक आजोबा

बी-डीसाठी घाई नको, आजोबा. मराठीत कुठलंही अक्षर आरशात धरलं म्हणून दुसरं अक्षर होत नाही. दिशा बदलली की अक्षर बदलतं ही तिला नवीनच गोष्ट आहे. दुसरी संपेपर्यंत अधूनमधून असं होणं नेहमीचं. तिसरीतही चालू राहिलं आणि मराठी वाचनही अडत असेल तर मग तपासणी करा. फळ्यावरचं दिसत नसेल किंवा ती डोळे बारीक करत असेल तर मात्र डॉक्टरांकडे आजच जा, तो प्रश्न वेगळा.

लोंबकळण्याचं कारण शिरोरेषा. मराठी अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं, इंग्रजी अक्षर खालच्या रेघेवर बसतं. तिचा हात अजून टांगतोय. वहीतली वरून तिसरी रेघ तपकिरी खडूने रंगवा, ती जमीन. मधला पट्टा घर, वरचा माळा, खालचा तळघर. चौदा लहान अक्षरं घरातच मावतात. बी, डी, एफ, एच, के, एल, टी ही सात माळ्यावर चढतात. जी, जे, पी, क्यू, वाय ही पाच तळघरात उतरतात. कॅपिटल सध्या नावाच्या पहिल्या अक्षरापुरतं. पुस्तकात बहुतेक सगळं लहान लिपीतच छापलेलं असतं, तरी दुकानातले तक्ते मोठ्या अक्षरांचेच का असतात कोण जाणे.

बी आणि डी हाताच्या वळणाने वेगळे करा, आकार समजावून नव्हे. डी लिहिताना आधी सी काढायचा, मग वर माळ्यावर जाऊन सरळ खाली. बी लिहिताना आधी माळ्यावरून दांडी खाली, मग पोट. एकाची सुरुवात गोलाने, दुसऱ्याची दांडीने. परातीत रवा पसरून बोटाने दहा वेळा, तोंडाने ध्वनी म्हणत. एका दिवशी एकच अक्षर.

प्रश्न: सटाण्याजवळच्या गावात मुलं घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी, त्यात पहिलीपासून इंग्रजी. हा भार नाही का? मराठी पक्कं होईपर्यंत इंग्रजी थांबवावं का? – एक पालक

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीलाच इंग्रजी आहे, त्यामुळे थांबवणं तुमच्या हातात नाही. काय आधी आणि काय नंतर हे मात्र शिक्षकांच्या हातात आहे. गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचा हिशेब गुणाकारासारखा मांडला: अक्षरांवरून शब्द उकलणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, म्हणजे एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य. आपल्याकडच्या मुलांची दुसरी बाजू कोरी असते. ‘नॅप’ अचूक वाचणाऱ्या मुलाला तो शब्द कधी ऐकूच आलेला नसेल तर त्याने वाचलं काय आणि न वाचलं काय.

म्हणून पहिलीचं पहिलं सत्र तोंडी इंग्रजीला जास्त द्यायला सांगा. रोजच्या सूचना: ‘सिट, स्टँड, ओपन, क्लोज, कम, गो, गिव्ह, टेक’. शिक्षकांनी म्हणायचं आणि करून दाखवायचं, मुलांनी नुसतं करायचं. बोलायची सक्ती नाही. महिन्याला दहा सूचना झाल्या तरी खूप. ध्वनी ओळखणं त्याच वेळी मराठीत पक्कं होऊ द्या. शब्द आवाजांत फोडता येतो हे मूल एकदाच शिकतं आणि ते कोणत्याही भाषेत वापरतं. अर्थ सांगताना अहिराणी वापरली तर बिघडत नाही, उलट लवकर कळतं. शिक्षकांना ती येत नसेल तर मुलांनाच विचारावं, ‘तुमच्याकडे याला काय म्हणतात?’, आणि उत्तर चित्राच्या पत्त्यामागे लिहून ठेवावं.